खोडदच्या दुर्बिणीनं नेमकं काय टिपलं?

तासगाव तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवणाऱ्या सरांनी विचारलंय: २०२३ च्या जूनअखेरीस पेपरात बातमी आली होती की विश्वाची गुणगुण, म्हणजे अवकाशालाच ताणत-दाबत जाणाऱ्या गुरुत्वीय लहरींची, ऐकू आली आणि त्यात पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीचाही वाटा आहे. सरांनी ते कात्रण जपून ठेवलं होतं, यंदा वर्गात फळ्याशेजारी लावलं. नववीतल्या एका मुलीनं ते वाचून तीन शंका काढल्या. ज्या लाटेला एकदा वरखाली व्हायला दहा वर्षं लागतात ती ऐकली कशी? खोडदच्या अँटेना रेडिओ लहरी पकडतात, मग गुरुत्वीय लहरी त्यांना कशा कळल्या? आणि हे आता सिद्ध झालंय का? सर लिहितात, "पहिल्या दोन शंकांना काहीतरी सांगून वेळ मारून नेली. तिसरीला काय बोलावं तेच कळेना."

सर, तिसरी शंका आधी घेते, कारण तिचं उत्तर छोटं आहे. अजून नाही. पुरावा भक्कम आहे, तो वेगवेगळ्या देशांतल्या गटांना स्वतंत्रपणे मिळालाय, पण 'शोध लागला' म्हणण्यासाठी आमच्या क्षेत्रात जी रेघ आखलेली आहे तिच्या अलीकडेच आपण आहोत. ती रेघ कुठे आहे ते ओघात येईलच.

मी मूळची मिरजेची. पल्सारच्या ठोक्यांच्या वेळा नोंदवायच्या आणि त्या नोंदी तपासायच्या, हे काम मी बावीस वर्षं केलं. आता सांगलीत परत आलेय. त्यामुळे तुमच्या विद्यार्थिनीची दुसरी शंका वाचून मला खरंच आनंद झाला. बातमी लिहिणाऱ्यांना पडायला हवी होती ती शंका तिला पडली. तिचं बरोबर आहे. खोडदच्या अँटेनांनी गुरुत्वीय लहर पकडलेली नाही. त्यांनी पकडले ते पल्सारचे रेडिओ ठोके. गुरुत्वीय लहरीचा माग त्या ठोक्यांच्या वेळांमध्ये आहे, आणि तोही एका पल्सारच्या नाही, अनेक पल्सारच्या वेळा शेजारी शेजारी मांडल्यावरच दिसणारा.

पल्सार, मराठी पुस्तकांत ज्याला स्पंदक म्हणतात, तो म्हणजे मोठ्या ताऱ्याचा स्फोट झाल्यावर मागे उरलेला न्यूट्रॉन तारा. व्यास जेमतेम वीस किलोमीटर, म्हणजे सांगली-मिरज-कुपवाड धरून थोडा आजूबाजूचा भाग, आणि वस्तुमान सूर्यापेक्षा जास्त. तो फिरतो आणि त्याचा रेडिओ झोत दीपगृहाच्या दिव्यासारखा आपल्यावरून जातो. झोत गेला की एक ठोका. पहिला पल्सार १९६७ मध्ये जोसेलिन बेल यांना सापडला. आमच्या कामाचे पल्सार मात्र त्यातल्या एका खास जातीचे, सेकंदाला शेकडो फेरे घेणारे, 'मिलिसेकंद पल्सार'. त्यातला पहिला १९८२ मध्ये सापडला, सेकंदाला ६४२ फेरे घेणारा. तो शोधणाऱ्यांत डोनाल्ड बॅकर यांच्याबरोबर बर्कलीत संशोधन करणारा एक तरुण विद्यार्थी होता: श्रीनिवास कुलकर्णी, जन्म कुरुंदवाडचा. मिरजेहून कुरुंदवाड किती लांब आहे ते तुमच्या मुलांना सांगायला नको. त्यांचं शिक्षण हुबळीला आणि पुढे दिल्लीला झालं, २०२४ चा शॉ पुरस्कार त्यांना मिळाला. हे वर्गात जरूर सांगा. या विषयाची एक मुळी आपल्या कृष्णाकाठची आहे.

मी एक पल्सार जवळून दाखवते, म्हणजे पुढचं सगळं त्याच्यावर टांगता येईल. त्याचं नाव जे १९०९−३७४४. नावातच पत्ता आहे: विषुवांश १९ तास ९ मिनिटं, क्रांती दक्षिणेकडे ३७ अंश ४४ मिनिटं. हा सेकंदाला सुमारे ३३९ फेरे घेतो. दहा वर्षांत झाले जवळजवळ १०,७०० कोटी फेरे. आता कामाची गोष्ट ही की आपण त्यातला एकही फेरा मोजायचा चुकत नाही. दुर्बीण रोज त्याच्याकडे बघत नसते. दोन-तीन आठवड्यांतून एकदा अर्धा-पाऊण तास बघते. पण तो इतका नियमित आहे की मधल्या काळात नेमके किती फेरे झाले हे पुढच्या वेळचा पहिला ठोका पाहून ठामपणे सांगता येतं. मग आम्ही हिशेबानं पुढच्या ठोक्याची वेळ काढतो, प्रत्यक्षातली वेळ नोंदवतो आणि दोन्हींची वजाबाकी करतो. ती वजाबाकी म्हणजे आमचा सगळा संसार. चांगल्या पल्सारची बाकी एका मायक्रोसेकंदाच्याही आत, शे-दोनशे नॅनोसेकंदांवर आणता येते.

आता पहिली शंका. आपल्यापासून पल्सारपर्यंतच्या अवकाशातून गुरुत्वीय लहर जाते तेव्हा ती ते अवकाश किंचित ताणते आणि दाबते. ठोका थोडा लवकर किंवा थोडा उशिरा पोहोचतो. किती? शंभर नॅनोसेकंदांच्या आसपास. तेवढ्या वेळात प्रकाश तीस मीटर जातो. म्हणजे हजारो प्रकाशवर्षांच्या वाटेत तीस मीटरचा फरक. आणि तो फरक हळूहळू वाढत, मग हळूहळू कमी होत वर्षानुवर्षं चालतो, कारण ज्या लहरीला एक फेरी पुरी करायला दहा वर्षं लागतात तिची लांबी दहा प्रकाशवर्षं असते. सूर्याशेजारचा सगळ्यात जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षांवर आहे, त्यावरून अंदाज घ्या. तेव्हा 'ऐकली' हा शब्द बातमीचा. आम्ही दहा, पंधरा, काही गटांनी पंचवीस वर्षं वजाबाक्या लिहिल्या आणि त्यांचा आलेख संथपणे वर चढताना आणि खाली उतरताना पाहिला.

मुलांना इथपर्यंत आणलंत की ती म्हणतील, झालं की मग. खरी अडचण इथे सुरू होते, आणि माझ्या आयुष्याची बहुतेक वर्षं त्या अडचणीतच गेली. शंभर नॅनोसेकंदांचा फरक पडायला गुरुत्वीय लहरच लागते असं नाही. आपलं घड्याळ चुकलं तरी पडतो. पृथ्वी नेमकी कुठे आहे याचा हिशेब चुकला तरी पडतो. वाटेतल्या वायूमुळे पडतो. खुद्द पल्सारची लय थोडी भरकटली तरी पडतो, आणि कुलकर्णींचा तो पहिला वेगवान पल्सार तर त्यासाठी प्रसिद्धच आहे.

पृथ्वीच्या जागेचं आधी सांगते. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, त्यामुळे एकाच पल्सारचा ठोका आपल्याला वर्षातून कधी आठ मिनिटं लवकर, कधी आठ मिनिटं उशिरा मिळू शकतो. म्हणून सगळ्या वेळा आम्ही सूर्यमालेच्या वस्तुमानकेंद्रावर नेऊन मोजतो. हे केंद्र सूर्याच्या मध्यात नसतं. गुरू सूर्याला ओढतो, त्यामुळे ते सूर्याच्या पृष्ठभागाच्या आसपास हिंडत असतं. गुरूचं वस्तुमान आणि कक्षा यांत बारीकशी चूक राहिली तर केंद्र शंभर मीटर सरकतं, आणि शंभर मीटर म्हणजे तीनशेहून अधिक नॅनोसेकंद. आमची अख्खी लहर त्यात बुडून जाते. त्यातून गुरूची प्रदक्षिणा जवळजवळ बारा वर्षांची, म्हणजे आपण शोधतोय त्या लहरींच्याच चालीची. हा घोळ खरोखर झालेला आहे. काही वर्षांपूर्वी ग्रहांची कोणती सारणी वापरली यावर लहर दिसणं-न दिसणं अवलंबून राहत होतं, आणि तो गुंता सुटेपर्यंत कुणी काही जाहीर केलं नाही.

या चुकीची एक जुनी आणि फार मोठ्या मनाची कहाणी आहे. १९९१ मध्ये अँड्र्यू लाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका पल्सारभोवती ग्रह सापडल्याचं जाहीर केलं. ठोक्यांच्या वेळा दर सहा महिन्यांनी पुढे-मागे होत होत्या. सहा महिने, म्हणजे पृथ्वीच्या वर्षाचं बरोबर अर्ध. जानेवारी १९९२ मध्ये अटलांटाच्या परिषदेत लाइन व्यासपीठावर गेले आणि त्यांनी सांगितलं की तो ग्रह नाहीच. पृथ्वीची कक्षा पूर्ण वर्तुळाकार नसल्याची दुरुस्ती हिशेबात नीट लागली नव्हती. सभागृहानं त्यांना टाळ्यांनी दाद दिली. आणि त्याच परिषदेत अलेक्झांडर वोल्श्चान यांनी दुसऱ्या एका पल्सारभोवतीचे ग्रह मांडले, जे खरे निघाले आणि आजही खरे आहेत. सूर्याखेरीज दुसऱ्या ताऱ्याभोवती पक्के सापडलेले ते पहिले ग्रह. माझ्याकडे शिकायला आलेल्या प्रत्येकाला मी पहिल्या आठवड्यात हे सांगत आले.

घड्याळाचं माझ्यावरच बेतलेलं सांगते. कामाला लागून तीन-चार वर्षं झाली असतील. एका दुर्बिणीच्या नोंदी तपासताना मला दिसलं की एका ठरावीक दिवसानंतर सगळ्याच पल्सारचे ठोके एक मायक्रोसेकंद उशिरा येतायत. सगळेच. दोन रात्री मला झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी एका ज्येष्ठ सहकाऱ्यानं देखभालीचं रजिस्टर उघडून पुढ्यात ठेवलं. त्या तारखेला घड्याळाकडून उपकरणाकडे जाणारी केबल बदलली होती आणि नवी केबल सुमारे दोनशे मीटर लांब होती. तेवढ्या तारेतून जायला संकेताला एक मायक्रोसेकंद लागतो. नोंद स्वच्छ अक्षरात केलेली होती, मी ते पान वाचलं नव्हतं. तेव्हापासून आलेखाआधी रजिस्टर.

आणि आता वायू, कारण खोडदचा वाटा इथेच आहे. ताऱ्यांमधली जागा रिकामी नसते, तिथे सुटे इलेक्ट्रॉन असतात. ते रेडिओ लहरींना उशीर करतात, आणि कंप्रता जितकी कमी तितका उशीर जास्त, वर्गाच्या प्रमाणात. आपल्या जे १९०९ चंच घ्या. त्याचा ४०० मेगाहर्ट्झवरचा ठोका १४०० मेगाहर्ट्झवरच्या ठोक्यामागून जवळजवळ पाव सेकंदानं येतो. पाव सेकंदात तो पल्सार स्वतःभोवती ऐंशीहून जास्त वेळा फिरलेला असतो! हा उशीर कायम तेवढाच असता तर एकदा मोजून वजा केला असता. पण पल्सार सरकतो, आपण सरकतो, वाटेतला वायू बदलतो, आणि पल्सार आकाशात सूर्याजवळ आला की सौरवाऱ्याचे इलेक्ट्रॉन मध्ये येतात. वाटेतल्या इलेक्ट्रॉनच्या मापात एका एककाच्या दहा हजाराव्या भागाइतकी चूक राहिली, म्हणजे एरवी या पल्सारसाठी दहाच्या वर येणाऱ्या आकड्यात चौथ्या दशांश स्थळी एक, तर १४०० मेगाहर्ट्झवर सुमारे दोनशे नॅनोसेकंदांचा फरक पडतो. पुन्हा आमच्या लहरीएवढाच.

युरोप-अमेरिकेतल्या बहुतेक दुर्बिणी या कामात वरच्या कंप्रता वापरतात, तिथे हा उशीर लहान असतो आणि म्हणूनच मोजायला अवघड. खोडदची दुर्बीण गोविंद स्वरूप यांनी मुळातच खालच्या कंप्रतांसाठी उभी केली: पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेना, त्यातल्या चौदा मध्यभागी आणि बाकीच्या तीन फाट्यांवर पंचवीस किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. दोरखंडांसारख्या ताणलेल्या तारांवर स्टीलची जाळी बसवलेली, म्हणून वारा आरपार जातो आणि एवढी मोठी तबकडी स्वस्तात उभी राहते. तिचं नूतनीकरण झाल्यावर तिथे एक सोय झाली. काही अँटेना ३०० ते ५०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात आणि बाकीच्या १४०० च्या आसपास, अशा दोन तुकड्या एकाच वेळी एकाच पल्सारकडे रोखता येतात. एकच ठोका, दोन पट्टे, त्याच क्षणी. उशीर थेट मोजला जातो, अंदाज करावा लागत नाही. भारतातल्या संस्था आणि जपानमधले सहकारी मिळून चालणाऱ्या इंडियन पल्सार टायमिंग अरे या गटानं हे वर्षानुवर्षं केलं, आणि २०२३ च्या निकालात दहा पल्सारच्या त्यांच्या नोंदी युरोपच्या पंचवीस पल्सारच्या नोंदींत मिसळल्या गेल्या. तेव्हा कात्रणाखाली मुलांना लिहायचं असेल तर असं लिहा: खोडदनं वाटेतल्या वायूचा उशीर नेमका मोजून दिला. 'खोडदनं लहर ऐकली' यापेक्षा हे वाक्य साधं दिसतं, पण मला त्याचा जास्त अभिमान वाटतो.

एवढं सगळं वजा केल्यावर जे उरतं ते गुरुत्वीय लहरीचंच, हे कशावरून? याला आपल्याकडचं उदाहरण आहे. पावसाळ्यात आपण सगळे सांगलीच्या आयर्विन पुलाशी कृष्णेची पातळी बघतो. समजा एके सकाळी आयर्विनवर अचानक दोन फूट वाढ दिसली, पण कराड, बहे, भिलवडी, अंकली, सगळीकडे पाणी होतं तिथेच. आपण म्हणू, वाचणाऱ्याची चूक असेल. समजा सगळ्या पुलांवर एकाच क्षणी बरोबर दोन-दोन फूट वाढले. तेही पटणार नाही, मोजपट्टीचा शून्यच कुणीतरी हलवला असणार. खरा पूर कराडला आधी दिसतो, मग बहे, भिलवडी, मग आयर्विन, आणि प्रत्येक ठिकाणची वाढ नदीच्या चालीला धरून असते. एका पुलाचा आकडा पूर सिद्ध करत नाही, पुलांमधला मेळ करतो.

पल्सारचंही अगदी तसंच. एकाच पल्सारच्या वेळा हलल्या तर तो त्याचा स्वतःचा दोष. सगळ्यांच्या सारख्याच हलल्या तर आपलं घड्याळ, माझ्या केबलसारखं. आकाशाच्या एका बाजूचे लवकर आणि समोरच्या बाजूचे उशिरा येऊ लागले तर पृथ्वीची जागा चुकली, गुरूचा घोळ. गुरुत्वीय लहरींचा मेळ या तिन्हींहून वेगळा असतो, कारण त्या अवकाशाला एका दिशेनं ताणतात तेव्हाच आडव्या दिशेनं दाबतात. आकाशात शेजारी शेजारी असलेले दोन पल्सार सारखे हलतात. त्यांच्यातला कोन पन्नास अंशांच्या जवळ गेला की मेळ शून्यावर येतो, ऐंशी अंशांच्या थोडं पुढे तो सगळ्यात उलटा होतो, एक लवकर तर दुसरा उशिरा, आणि अगदी समोरासमोरच्या जोड्यांत तो पुन्हा थोडा सुलटा होतो. हा वक्र रोनाल्ड हेलिंग्ज आणि जॉर्ज डाउन्स यांनी १९८३ मध्ये कागदावर काढून ठेवला होता. तो घड्याळाला काढता येत नाही, गुरूला काढता येत नाही, वायूला तर नाहीच.

२०२३ च्या जूनमध्ये चार गटांनी एकाच वेळी जे मांडलं ते हेच, की आमच्या जोड्यांमध्ये हा वक्र दिसू लागलाय. अमेरिकेच्या नॅनोग्रॅव गटाकडे पंधरा वर्षांच्या नोंदी आणि ६७ पल्सार होते. ६७ पल्सारच्या जोड्या करून बघायला मुलांना सांगा, २,२११ होतात. त्यांच्या हिशेबानं नुसत्या गोंधळातून योगायोगानं इतका मेळ जमण्याची शक्यता पद्धतीप्रमाणे हजारांत एक ते वीस हजारांत एक. युरोप आणि भारताच्या एकत्र नोंदींत हजारांत एकच्या आसपास. ऑस्ट्रेलियाच्या पार्क्स दुर्बिणीच्या नोंदींत पन्नासात एक, म्हणजे बराच कच्चा. चीनच्या गटानं साडेतीन वर्षांपेक्षाही कमी काळाच्या, पण अतिशय संवेदनशील दुर्बिणीच्या नोंदींवर चांगलाच ठळक मेळ दाखवला. आणि 'शोध' म्हणण्याची रेघ आहे पस्तीस लाखांत एक. आम्ही तिला पाच सिग्मा म्हणतो.

मुलं विचारतील, वीस हजारांत एक पुरेसं का नाही? कारण हा आकडा फक्त माहीत असलेल्या गोंधळाबद्दल बोलतो. जो गोंधळ आपल्याला सुचलाच नाही त्याच्याबद्दल तो काहीच सांगत नाही. मार्च २०१४ मध्ये दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप-२ प्रयोगानं विश्वारंभाच्या गुरुत्वीय लहरींची खूण सापडल्याचं जाहीर केलं होतं, आकडे पाच सिग्माच्याही वर होते. वर्षभरात प्लँक उपग्रहाच्या नोंदींशी ताडून बघितल्यावर कळलं की त्या खुणेचा मोठा भाग आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीचा होता. म्हणूनच चार गट, वेगळ्या दुर्बिणी, बऱ्याच अंशी वेगळे पल्सार आणि तरीही तोच वक्र, याला मी कुठल्याही एका आकड्यापेक्षा जास्त वजन देते. माझं स्वतःचं मत विचाराल तर लहरी आहेत. पण मत आणि निकाल वेगळे, आणि तुमच्या वर्गात निकालच सांगा.

त्यानंतर काय झालं तेही सांगते. २०२४ च्या डिसेंबरमध्ये दक्षिण आफ्रिकेच्या मीरकॅट दुर्बिणीच्या गटानं ८३ पल्सारच्या साडेचार वर्षांच्या नोंदी मांडल्या. मेळ पुन्हा दिसला, पुन्हा रेघेच्या अलीकडे. २०२५ मध्ये भारतीय गटाच्या नोंदींचा दुसरा संच आला, २७ पल्सार आणि सात वर्षं. सगळ्या गटांच्या नोंदी एका ताटात घेऊन एकच हिशेब करण्याचं काम चालू आहे. ते वेळखाऊ आहे, कारण प्रत्येक दुर्बिणीची प्रत्येक केबल पुन्हा तपासावी लागते.

या लहरी येतात कुठून, याबद्दल थोडं. बहुतेक दीर्घिकांच्या मध्यभागी प्रचंड कृष्णविवर असतं; आपल्या आकाशगंगेतलं सुमारे त्रेचाळीस लाख सूर्यांएवढं, एम ८७ या दीर्घिकेतलं तर साडेसहाशे कोटी सूर्यांएवढं. दोन दीर्घिका एकमेकींत मिसळल्या की त्यांची विवरं मध्याशी येऊन एकमेकांभोवती फिरू लागतात. अशा असंख्य जोड्या विश्वभर आहेत, प्रत्येकीचा सूर थोडा वेगळा. मिरजेत तंतुवाद्यं घडवणाऱ्यांच्या गल्लीत संध्याकाळी सात-आठ तंबोरे एकाच वेळी लावायला घेतलेले असतात. बाहेरून जाताना कुठली तार कुणाची हे कळत नाही, नुसतं एक भरलेलं गुंजन अंगावर येतं. आत्ता आपल्याला मिळालंय ते तेवढंच. एखादी जोडी वेगळी ओळखू येणं अजून पुढे आहे. एक जुना प्रश्न मात्र यानं हलला आहे. अशी विवरं एकमेकांपासून तीन-चार प्रकाशवर्षांवर आल्यावर तिथेच अडकून बसत असतील की काय, अशी शंका सैद्धांतिक मंडळींना फार वर्षं होती. गुंजन या जोड्यांचंच असेल तर त्यांतल्या बऱ्याच जणी अडकत नाहीत. पण ते विश्वाच्या अगदी सुरुवातीच्या काही घडामोडींचंही असू शकतं, ती वाट अजून बंद झालेली नाही.

पेपरात अधूनमधून लायगो या गुरुत्वीय लहरी पकडणाऱ्या वेधशाळेच्याही बातम्या येतात, त्या यात मिसळू देऊ नका. तिथे चार-चार किलोमीटरच्या लेसर भुजा वापरतात, विवरं सूर्याच्या काही दहापट वजनाची असतात आणि संकेत सेकंदभरात संपतो. १४ जानेवारी २०२५ ला त्यांना तोवरचा सगळ्यात स्वच्छ संकेत मिळाला. विलीन होण्याआधी दोन विवरांचं मिळून पृष्ठफळ सुमारे २,४०,००० चौरस किलोमीटर होतं, नंतरच्या एका विवराचं सुमारे ४,००,०००. महाराष्ट्राचं ३,०७,७१३ आहे. विवरांचं एकूण पृष्ठफळ कमी होऊ शकत नाही असं स्टीफन हॉकिंग यांनी १९७१ मध्ये मांडलं होतं, ते इथे स्पष्टपणे खरं ठरलं. लायगोची भारतातली वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढ्याला होते आहे.

वर्गात करून बघायला एक प्रयोग सुचवते, यापेक्षा चांगला मला माहीत नाही. एक मीटर दोऱ्याला दगड बांधून झुलवा. एक झोका साधारण दोन सेकंदांचा होतो. मोबाइलच्या स्टॉपवॉचवर बोट दाबण्यात पाव सेकंद तरी इकडेतिकडे होतो, म्हणजे एका झोक्यात बारा टक्के चूक. आता न चुकता शंभर झोके मोजा आणि एकूण वेळेला शंभरानं भागा. बोटाची चूक तेवढीच, पण ती शंभर झोक्यांवर पसरली. मग पाच गटांना पाच दोलक द्या, एका गटाचं घड्याळ गुपचूप दहा सेकंद पुढे सुरू करा, दुसऱ्याचा दोरा थोडा आखूड करा, आणि नुसते आकडे पाहून कुणाचं घड्याळ चुकलं आणि कुणाचा दोरा, हे मुलांना ओळखू द्या. दहा सेकंदांची चूक पन्नास झोके मोजा नाहीतर शंभर, तेवढीच राहते. दोऱ्याची चूक झोक्यांबरोबर वाढत जाते. शंका काढणाऱ्या त्या मुलीला ओळखणाऱ्यांत ठेवा.

आणि शक्य झालं तर २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास मुलांना खोडदला घेऊन जा, त्या दिवसांत दुर्बीण लोकांसाठी खुली असते. पुण्याच्या पुढे नाशिक रस्त्यानं नारायणगाव आणि तिथून आत.

सप्टेंबरच्या शेवटी आभाळ उघडलं की ऑक्टोबर छाटणीची गडबड सुरू व्हायच्या आत एखाद्या संध्याकाळी साडेसातला मुलांना बागेच्या बांधावर उभं करा, तोंड दक्षिणेला. धनू राशीतली किटलीसारखी आकृती शोधा, तिच्या डावीकडे खाली दक्षिण मुकुटाची अंधूक कमान आहे. हात लांब करून क्षितिजापासून पावणेदोन वीत मोजा. जे १९०९ तिथेच आहे. डोळ्यांना काही दिसणार नाही, पण जागा ती.

दोलकाच्या नोंदी मला पाठवा. स्वच्छ करून लिहिलेल्या नकोत, कच्च्या वहीची पानं पाठवा, खाडाखोडीसकट.